फ्रिजमधल्या उबेचं प्रकरण

आमच्या दारावरच्या पाटीचा मजकूर ह्यांनी स्वतः रचला आहे. तो असा : "सूक्ष्मदृष्टी, दूरदृष्टी आणि अंतर्दृष्टी असलेले शहरातील एकमेव खाजगी गुप्तहेर. जिथे इतरांना काहीच दिसत नाही, तिथे आम्हाला दिसते. भेटीची वेळ : दुकान बंद झाल्यावर."

दुकान चष्म्याचं आहे आणि हे तिथे नोकरीला आहेत. दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी घरच्यांच्या मनातलं वाचायचं, असा ह्यांचा दिनक्रम. पैकी पहिल्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही.

मी ह्यांची बायको आणि मदतनीस. मदतनीसाला पगार नाही, बायकोलाही नाही. ह्यांच्या मते ह्यांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. "सामान्य माणूस आधी पाहतो, मग विचार करतो, मग बोलतो," असं हे एकदा चहा पिता पिता म्हणाले. "मी पहिल्या दोन पायऱ्यांत वेळ घालवत नाही." हे अगदी खरं आहे. मी साक्षीला आहे.

आजवर ह्यांनी जी प्रकरणं तडीस नेली त्यांत स्वतःच्या हरवलेल्या छत्रीचा शोध हे सर्वांत मोठं. छत्री ह्यांच्याच हातात होती, पण ती दुसऱ्या हातात असल्यामुळे तपास लांबला. अशी सगळी पूर्वतयारी झाल्यावर आमच्या घरात अंड्यांचं प्रकरण उपटलं.

आमच्या मागच्या अंगणात, नळाखालच्या टबात एक बदक राहायचं. सासरे गेले त्याच्या आदल्या वर्षी ते त्यांनी कुठूनसं काखेत मारून आणलं होतं. त्या मादीला ते 'बाईसाहेब' म्हणत आणि सासूबाईंना नुसतंच 'अगं'. सासूबाईंनी त्याबद्दल त्यांना कधीच माफ केलं नाही. पण सासरे गेल्यावर बाईसाहेबांचं खाणंपिणं सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं, आणि दुपारी टबाशेजारी स्टूल टाकून त्या बाईसाहेबांशी बोलत बसायला लागल्या. काय बोलायच्या ते मी ऐकायला गेले नाही. जायचंही नव्हतं.

मग एका दिवशी कुंपणाच्या फटीतून कुत्रं आत आलं, आणि बाईसाहेब गेल्या. मागे उरली सात अंडी. लाँड्रीमागच्या तळ्यावर बाईसाहेबांचं जाणंयेणं होतं, त्याबद्दल घरात कुणी कधी चौकशी केली नव्हती, पण अंडी नुसती नव्हती, त्यांत जीव धरलेला होता हे उघड होतं. सासूबाईंनी ती पदरात घेतली आणि म्हणाल्या, "ही मी जगवणार."

सुदैवाने माझी धाकटी नणंद तेव्हा रजेवर आली होती. तिला सगळे छोटी म्हणतात. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने मागच्या खोलीतला बिघडलेला फ्रिज रिकामा करून घेतला आणि त्यात एक बल्ब, एक बोटभर पंखा, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर बसवला. शेजारी स्टुलावर आपला कॉलेजातला जुना कॉम्प्युटर ठेवला. त्यावर लिनक्स का काय ते होतं. त्यावर तिने एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'दाई'. दाईला काम एकच : फ्रिज आतून गार झाला की बल्ब लावायचा, तापला की विझवायचा. अखंड, पिल्लं बाहेर येईपर्यंत. दाई मध्येच थांबली तर बल्ब असेल तसाच राहणार, लागलेला असेल तर लागलेला आणि विझलेला असेल तर विझलेला. म्हणजे अंडी एक तर गारठणार, नाहीतर उकडणार.

निघताना एक पाय गाडीत ठेवून छोटी सासूबाईंना म्हणाली, "आई, घाईघाईत तात्पुरतं चालू करून ठेवलंय गं. पक्कं काम नंतर फोनवरून करून देते. कधी बंद पडलंच, तर ती काळी चौकट उघडायची, वरचा बाण दाबायचा आणि एंटर. आणि हो, ती चौकट..." तेवढ्यात गाडी सुटली. बाकीचं वाक्य तिच्याबरोबर गेलं.

इथे आमच्या घरची एक शिस्त सांगायला हवी. आमच्याकडे काहीही उघडं राहत नाही. डब्यांना झाकणं, नळ घट्ट, दारं ओढलेली, रिकाम्या खोलीतला दिवा बंद. सासूबाईंनी दोन्ही मुलांना चालायच्या आधी हे शिकवलं असावं. ह्यांनी एकदा लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांच्या ताटांवर झाकणं ठेवली होती.

छोटी गेली त्याच संध्याकाळी हे मागच्या खोलीत जाऊन सुरक्षाव्यवस्थेची पाहणी करून आले. "चोख आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची हाक आली. फ्रिज आतून गार पडला होता आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

"बंद पडलंय रे," सासूबाई म्हणाल्या. "छोटीला फोन लाव."

ह्यांनी हात वर केला. "आई, थांब. बंद पडलं नाही. बंद पाडलंय. फरक आहे."

"असेना का. तू फोन लाव."

"घरात गुप्तहेर असताना बाहेर फोन?"

"बाहेर काय, बहीण आहे तुझी."

"म्हणूनच नको. ती दाईची जन्मदाती. शोकाकुल नातेवाइकांना मी तपासात घेत नाही."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण खरं कारण मला माहीत होतं. लहानपणापासून ह्या घरात काहीही मोडलं की ते छोटीने जोडायचं. रेडिओ, इस्त्री, सासऱ्यांचं घड्याळ. मोडायचं काम ह्यांच्याकडे होतं. एकदा, निदान एकदा, आईचं काहीतरी आपल्या हातून सावरलं जावं, असं ह्यांना वाटत होतं. माणूस कितीही आचरट असला तरी असल्या इच्छेला नाही म्हणवत नाही. मी फोन खाली ठेवला.

ह्यांनी काळी चौकट उघडली, वरचा बाण दाबला, एंटर दाबलं. बल्ब लागला. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "हुश्श. देवा." आम्ही दोघी बाहेर आलो. हे मागे राहून सगळं नीट आवरून आले.

संध्याकाळी पाहिलं तर फ्रिज भट्टीसारखा तापलेला आणि दाई पुन्हा गेलेली.

"सकाळी थंड, संध्याकाळी गरम," हे येरझारा घालत म्हणाले. "म्हणजे खुनी दोन आहेत. एक थंड डोक्याचा आणि एक गरम डोक्याचा. दोघांचं पटत नसावं. नाहीतर त्यांनी तापमान ठरवून घेतलं असतं."

मी विचारलं, "खून कुणाचा झालाय?"

"दाईचा. एकाच दिवसात दोनदा. अशी केस माझ्या पाहण्यात नाही."

पहिला संशय शेजारच्या व्हायोलिन मास्तरांवर गेला. ते घरीच शिकवण्या घेतात आणि बाईसाहेबांच्या आवाजाबद्दल त्यांनी पूर्वी दोनदा तक्रार केली होती. शिवाय त्यांचं मांजर आमच्या फ्रिजवर उबेला येऊन झोपतं. हे सरळ जाऊन मास्तरांसमोर बसले. मी मागे उभी राहिले, क्षमा मागायच्या तयारीत.

"मास्तर, बदकांबद्दल तुमचं मत काय?"

"बेसूर असतात," मास्तर म्हणाले.

"अंड्यांबद्दल?"

"अंडी शांत असतात. मला अंड्यांचा काही त्रास नाही."

"म्हणजे ती अंडीच राहावीत, अशी तुमची इच्छा आहे?"

मास्तरांनी जरा विचार केला. "तसं विचाराल तर हो."

ह्यांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी मास्तरांकडे केविलवाणं पाहिलं. मास्तर व्हायोलिनच्या तारा पिळायला लागले. "कबुलीच्या उंबरठ्यावर आहे," हे बाहेर येऊन म्हणाले. "पण ह्या माणसाचं डोकं थंड आहे. गरम डोकं कुणाचं?"

गरम डोकं वायरमनचं निघालं. मीटर बघायला म्हणून ह्यांनीच त्याला बोलावलं आणि तो वाकल्याबरोबर मागून विचारलं, "काल दुपारी कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच गल्लीत, खांबावर होतो!" तो उखडला. "साहेब, लाईन ठणठणीत आहे. घरात दिवे चालू, पंखे चालू, कॉम्प्युटरसुद्धा चालू. मग माझा काय संबंध? उगाच कशाला माणसावर आळ घेता?"

"चिडला," ह्यांनी मला हळूच सांगितलं. "गरम डोकं."

मला मात्र त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट खटकली. कॉम्प्युटर चालू राहत होता. बंद पडत होती ती एकटी दाई. मी तसं म्हटलंही. ह्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "अगं, म्हणजे खुनी फार बारकाईने काम करतो. आजूबाजूला ओरखडाही नाही. घरातल्याच कुणाचं तरी काम असावं." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मागच्या खोलीत तुझं शिवणाचं मशीन असायचं, नाही?"

"असायचं."

"आणि गेल्या आठवड्यात, ही खोली मला परत कधी मिळणार, असं कोण म्हणालं?"

"मी म्हणाले."

"नोंद घेतली," हे म्हणाले. त्या दिवसापासून माझ्याच हातचा चहा हे माझ्याकडे रोखून बघत प्यायला लागले. गार करून प्यायचे, पण प्यायचे.

एकदा तर हे धावत स्वयंपाकघरात आले. "मिळाला! सांकेतिक लिपीतला संदेश मिळाला! प्रत्येक अंड्यावर फुली मारलेली आहे. एकही सुटलेलं नाही!"

सासूबाई भांडी पुसत होत्या. "मीच काढल्यात पेन्सिलीने. अंडी दिवसातून तीनदा उलटवावी लागतात. कुठली बाजू वर होती ते कळायला नको?"

"हे तू आधी का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का?"

दाई रोज पडत होती आणि हे तिला रोज उठवत होते, म्हणून सुट्टीच्या दिवशी ह्यांनी पहारा ठेवायचं ठरवलं. सकाळी नाश्ता करून फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले. काळी चौकट समोर उघडी, दाई चालू, आणि हे डोळ्यांत तेल घालून पाळतीवर. दुपारपर्यंत काहीही झालं नाही. बल्ब लागत होता, विझत होता, थर्मामीटर जागचा हलत नव्हता. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा हसतमुखाने परत आल्या.

"माझ्या धाकाने खुनी फिरकत नाही," हे जेवताना म्हणाले.

"मग बसूनच राहा की," मी म्हटलं.

"कायमचं कोण बसणार? आत्ता येताना सगळं आवरून आलोय."

जेवणं आटोपून सासूबाई हात पुसत मागे गेल्या, आणि तिथूनच ओरडल्या. बल्ब विझलेला होता. दाई गेली होती. ह्यांचा चेहरा गंभीर झाला. "मी उठायची वाटच बघत होता," हे म्हणाले. "तो मला बघतोय. मी त्याला बघत नाहीये. अगं, हा साधासुधा माणूस नाही." मग आवाज खाली आणून, "आणि तुला म्हणून सांगतो, त्याने मला धमकी दिली आहे. लेखी. रोज देतो."

"कुठे? दाखवा तरी."

"योग्य वेळी, सर्वांसमोर."

पण पुढचा दिवस ह्यांच्या योग्य वेळेसाठी थांबला नाही. त्या सकाळी सासूबाईंनी खोलीची दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि एकेक अंडं टॉर्चवर धरून पाहिलं. आत जीव असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं आणि सावली हलते. पाच अंड्यांत ती हलली. दोनांत हलली नाही. सासूबाईंनी ती दोन पुन्हा पुन्हा धरून पाहिली, हाताने चोळून ऊब दिली, परत धरली. मग स्टुलावर बसल्या.

"बाईसाहेबांना त्यांनी आणलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या हातची एवढी एकच जिवंत गोष्ट घरात उरली होती. आणि ती माझ्या हातून संपणार."

मला रडू आलं. हे दारात उभे होते. ती दोन अंडी ह्यांनीच उचलून नेली आणि नळाशेजारी माती उकरून पुरली. हात धुतले, नळ घट्ट बंद केला आणि मला म्हणाले, "सगळ्यांना बोलाव. आज निकाल."

मास्तर मांजर काखेत घेऊन आले. वायरमन पायऱ्यांवरूनच "दोन मिनिटं, जास्त नाही" म्हणत आला. सासूबाई फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या, जणू आणखी कुणी हात लावला असता तर त्यांनी चावा घेतला असता.

हे खोलीच्या मधोमध उभे राहिले. "मंडळी, खुनी ह्या खोलीत आहे," असं म्हणाले आणि एवढं एक वाक्य ह्या संपूर्ण तपासात बरोबर आलं. "मी आता गुन्हा जसाच्या तसा करून दाखवतो. ही काळी चौकट. वरचा बाण. एंटर. दाई जिवंत." बल्ब लागला. "मी तिची प्रकृती पाहतो. ठीक. आता खोली सोडण्यापूर्वी, ह्या घरच्या शिस्तीप्रमाणे, मी चौकट बंद करायला जातो. आणि नेमक्या त्या क्षणी, दररोज, न चुकता, ही धमकी येते. या. जवळ या. बघा."

आम्ही सगळे वाकलो. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या होत्या. ह्यांनी त्यांचा अर्थ खणखणीत आवाजात सांगितला : "ह्या चौकटीत एक प्रोग्राम अजून चालू आहे. चौकट बंद केलीत, तर तो मारला जाईल. तुमची खात्री आहे का?"



"सरळ सरळ खुनाची धमकी," हे म्हणाले. "खाली दोन बटणं. एक 'रद्द करा', ते भित्र्यांसाठी. दुसरं 'बंद करा'. मी दररोज काय केलं? मंडळी, मी धमक्यांना भीक घालत नाही. आणि खात्री मला कायमच असते." असं म्हणून ह्यांनी 'बंद करा' दाबलं. चौकट नाहीशी झाली. बल्ब लागलेलाच राहिला, आणि थर्मामीटर हळूहळू वर चढायला लागला.

सासूबाई सगळ्यांत आधी सरळ झाल्या. त्यांना ना इंग्रजी येतं ना लिनक्स.

"अरे," त्या म्हणाल्या, "मग बंद कशाला करतोस?"

वायरमनने छताकडे पाहिलं. मास्तरांनी मांजराचे कान झाकले. ह्यांचं तोंड उघडं राहिलं, आणि आमच्या घरात उघडी राहिलेली ती पहिलीच गोष्ट. मग हे म्हणाले, "आई, काम झालं की बंद करायचं. तूच शिकवलंस."

सासूबाई काहीतरी कडक बोलणार होत्या. पण त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, नखांतल्या मातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शिकवलं खरं. सगळंच कशाला ऐकलंस माझं?" मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, फोन."

छोटीने सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, तो आवाज इकडे आला. "दादा, तेच सांगायचं राहिलं रे! मी दाईला त्या चौकटीतच चालू करून ठेवलं होतं. चौकट गेली की तिच्याबरोबर दाईही जाते. चूक माझी आहे, तात्पुरतं म्हणून सोडलं मी. आता तिला थेट कॉम्प्युटरच्याच हवाली करू. मग चौकट बंद कर, लाईट जाऊ दे, काही होऊ दे. कॉम्प्युटर सुरू झाला की तो तिला स्वतः उठवेल, आणि मध्येच पडली तरी परत उभी करेल. मी सांगते ते टाइप करशील? एकही टिंब चुकता कामा नये."

आणि इथे, प्रामाणिकपणे सांगायचं तर, ह्यांनी कमाल केली. छोटी अक्षरं सांगत गेली, हे टाइप करत गेले, आणि प्रत्येक ओळ एक डोळा झाकून परत वाचून दाखवत गेले. अक्षर न् अक्षर बरोबर. शेवटी वायरमनसुद्धा म्हणाला, "वा, साहेब." दोन मिनिटांचा वायदा करून आलेला तो माणूस चहा पिऊन गेला.

"आता चौकट बंद कर," छोटी म्हणाली.

ह्यांचा हात अडखळला. मग ह्यांनी बंद केली. पडद्यावर काहीच आलं नाही.

"काही विचारलं नाही," हे जरासे हिरमुसून म्हणाले.

आम्ही सगळे फ्रिजकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने खट्ट झालं आणि बल्ब विझला. आणखी थोड्या वेळाने खट्ट झालं आणि लागला. सासूबाईंनी फ्रिजवरून हात फिरवला.

"मला सुरुवातीपासून घरातल्याच माणसाचा संशय होता," हे त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले. मी दिवा मालवला.

त्यानंतर हे दुकानातून आले की सरळ फ्रिजसमोर जाऊन बसायचे. पहारा म्हणायचे, पण पहारा कुणावर ते सांगायचे नाहीत. त्यामुळे पहिल्या अंड्याला तडा गेला तेव्हा समोर हेच होते. ओलं, वेडंवाकडं, चोचीवर कवचाचा तुकडा घेतलेलं एक पिल्लू बाहेर आलं आणि त्याने डोळे उघडून सर्वप्रथम ह्यांचा चष्मा पाहिला. मग दुसरं आलं. सगळी पाच आली. शेवटच्याला वेळ लागला, तेव्हा सासूबाई आणि हे एकमेकांचा हात धरून बसले होते. दोघांनीही ते नंतर नाकारलं.

बदकाचं पिल्लू डोळे उघडल्यावर समोर दिसेल त्याला आई मानतं. सासूबाईंनी त्यांना दाणे दिले, पाणी दिलं, पदरात घेतलं, तरी पाचही जण रांग लावून ह्यांच्याच मागे. हे स्वयंपाकघरात गेले की रांग स्वयंपाकघरात. हे दाढी करायला लागले की रांग मोरीच्या दाराशी. मध्यंतरी ह्यांनी मास्तरांवर गुप्तपणे पाळत ठेवायचा घाट घातला, कारण मास्तर हल्ली मांजर घरात कोंडून शिकवण्या घ्यायला लागले होते. गल्लीच्या टोकाला मास्तर थांबले, मागे वळले, आणि ह्यांच्यामागची रांग बघून म्हणाले, "बेसूर आहेत, पण तालात चालतात." ह्यांचा गुप्तहेरीचा धंदा तिथेच बसला. पाटी अजून आहे.

काल छोटीचा फोन आला होता. "दादा, पिल्लं मोठी झाली ना? आता दाईची गरज नाही. कायमची बंद कशी करायची ते सांगते, दोन शब्द आहेत." हे कॉम्प्युटरसमोर बसले. मागे पाच जण रांगेत. दोन शब्द टाइप करून झाले. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"दाब ना," सासूबाई म्हणाल्या.

हे कितीतरी वेळ रिकाम्या फ्रिजमधल्या बल्बकडे बघत राहिले. बल्ब विझला. बल्ब लागला.

"थांब, आई," हे म्हणाले. "माझी खात्री होत नाहीये."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. सासूबाई उठल्या आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दाई अजून चालू आहे. शिवणाचं मशीन मी स्वयंपाकघरात हलवलंय.